पहिल्या तासातला वासुआ

मोजणीची पहिली चौकट वाळूवर टाकून पाच मिनिटं झाली नाहीत, तोच मुलं ओरडली, "मॅडम, वासुआ! वासुआ सापडला!"

ओहोटीच्या घोटाभर पाण्यातून लिटिया लगबगीनं गेली. थाळीएवढा जिवंत शिंपला जांभळे ओठ उघडून बसला होता. एरवी वर्गात पेंगणारा जिओजी त्याच्यापुढे गुडघे टेकून भराभरा टिपणं घेत होता.

वाटाड्या म्हणून गावानं दिलेली म्हातारी, बुबू सेराफिना, प्रवाळाच्या खडकावर बसून हसत होती. चौकट कुठं टाकायची हे तिनंच दाखवलं होतं.

कालही पहिल्याच तासात सापडला होता. परवाही. लिटियाला ते खटकलं. कित्येक वर्षं जीवशास्त्राच्या मुलांना सुवा शहरातून इथं आणणारे वायसाके सर निवृत्त झाले आणि ते काम यंदा तिच्याकडे आलं. मुलांनी केलेली ही वासुआंची मोजणी पुढे मत्स्यखात्याकडे जाणार होती. खडकावरची मासेमारीबंदी ठेवायची की उठवायची, ते या आकड्यांवर ठरायचं होतं.

तिनं वासुआ अलगद उचलून पाहिला. खालचं शेवाळ हिरवंगार होतं. वर्षानुवर्षं तो इथंच बसलेला असता, तर शेवाळ असं टिकलं असतं?

"बुबू, जागा अगदी नेमकी दाखवता हो तुम्ही!"

"समुद्र माझा जावई आहे, बाई. मागितलं की नाही म्हणायची त्याची टाप नाही."

मुलं खो खो हसली. लिटिया हसली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती तिवरांच्या आडोशाला जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं बुबू आली. पाठीवरच्या टोपलीच्या ओझ्यानं पार वाकली होती. खडकापाशी थांबून तिनं इकडेतिकडे पाहिलं, टोपलीतून एक वासुआ काढला आणि दोन दगडांच्या मध्ये नीट बसवला.

"हे धंदे चाललेत तर!" लिटिया पुढे झाली. "कुठून आणता?"

बुबू दचकली, पण पळाली नाही. "घरामागं, दगडांच्या कुंपणात पाळलेत."

"मजुरी बुडू नये म्हणून?"

"मजुरी काय, काही सापडलं नाही तरी मिळते."

"मग कशाला? सगळी मोजणी खोटी पाडलीत तुम्ही! आता ती फाडून टाकावी लागेल. आणि उद्यापासून तुम्ही येऊ नका."

"तीन दिवस उन्हात नुसती वाळू मोजून पोरं कंटाळतात, बाई. पुन्हा समुद्राकडे फिरकत नाहीत."

"ज्यांना खरंच शिकायचं असतं ते फिरकतात!" लिटियाचा आवाज चढला. "मी फिरकले ना? बावीस वर्षांपूर्वी याच खडकावर होते मी. शिक्षण सोडून लौटोकाला मावशीच्या दुकानात बसायचं ठरवलं होतं. शेवटच्या दिवशी मला वासुआ दिसला, निळ्या ओठांचा. तो दिसला म्हणून मी राहिले. मला नव्हता कुणी आयता आणून दिला!"

बुबूनं टोपली खाली ठेवली. लिटियाचा चेहरा ती बराच वेळ निरखत राहिली.

"अगो बाई, ती तू होय?" ती म्हणाली. "वायसाके म्हणाला होता, 'त्या रडव्या पोरीच्या चौकटीत ठेव, नाहीतर ती निघून जाईल.'"