शेगडीचा रुसवा

सकाळचे नऊ वाजले तरी घरात चहा झाला नव्हता, आणि त्याचं कारण मितालीला पक्कं ठाऊक होतं. तिची सासू कमळी रुसली होती.

ओट्यावर पाइपचा गॅस होता, पण कमळीनं बटणाला हातसुद्धा लावला नव्हता. गॅलरीच्या कोपऱ्यातली तिची लाडकी लोखंडी शेगडीही थंड पडून होती. ती स्वतः भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती. डोळे सुजलेले, पदर मुठीत.

"आई, मी करते ना चहा," मिताली म्हणाली.

"नको गो. आज काय पेटवाचा नाय. शरीफाकरनं येल."

झालं. शेजारच्या शरीफाकडचा चहा चालेल, पण सुनेच्या गॅसवरचा चालणार नाही. मिताली मनातल्या मनात चरफडली.

भांडण कालचंच. कमळीचा जन्म उलव्याच्या जुन्या गावात चुलीपुढे गेलेला. फ्लॅटमध्ये आली तरी सुके बोंबील भाजायचे ते कोळशावरच. गॅसची आच वरून करपवते आणि आत कच्चं ठेवते, निखारा कसा आतपर्यंत जातो, हे ती येईल त्याला ऐकवायची. कोळसाही बाभळीचाच हवा. दुकानात एकावर एक आपटून बघायची. खणखणीत वाजला तर घ्यायची, नाहीतर दुकानदाराचा उद्धार करून परत यायची. काल तिनं विमानतळाच्या बाजूची धूळ येते म्हणून गॅलरीच्या काचा लावून घेतल्या आणि आत शेगडी पेटवली. मितालीला नववा महिना लागलेला. तिचा जीव घुसमटला.

"बंद जागेत कोळसा पेटवायचा नसतो, आई. माणूस झोपल्या जागी जातो, कळतसुद्धा नाही." इथवर ठीक होतं. पण पुढचं तोंडातून निसटलं. "बाळ आल्यावर माझ्या घरात हे असलं चालणार नाही."

माझ्या घरात. कमळीनं निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतलं आणि आत जाऊन पडली. मितालीचा नवरा निकेश कंटेनर यार्डात रात्रपाळीला निघाला होता. अर्धेकच्चे बोंबील बघून तो हसला. "सकाळी येतो, तोवर दोघींनी तह करा," म्हणाला आणि गेला.

सकाळी तो आलाच नाही. पहाटे सासऱ्यांना फोन आला. निकेशनं डबल ड्युटी घेतली म्हणे. मग सासरे गोवर्धनही यार्डात काम निघालं म्हणून घाईघाईनं बाहेर पडले. बोलता बोलता त्यांच्या फोनची बॅटरी संपली होती, तेव्हा जाताना मितालीचाच फोन घेऊन गेले. नवऱ्याला लावून विचारायचीही सोय उरली नाही.

शरीफा डाळभात घेऊन आली. तिनं मितालीच्या डोक्यावरून हात फिरवला, पण नजरेला नजर दिली नाही. "खाऊन घे बेटा. डॉक्टरनं बजावलंय ना, बीपी वाढलंय म्हणून? टेन्शन घ्यायचं नाही."

म्हणजे घरातलं भांडण शेजारपर्यंत पोचलं तर. मितालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कमळीनं घाससुद्धा घेतला नाही. मितालीनं ताट बाजूला सारलं आणि पोट सावरत तिच्याजवळ टेकली.

"आई, काल चुकलंच माझं. मी तसं बोलायला नको होतं."

कमळीनं तिला जवळ ओढलं आणि अशी रडली, की मितालीचा खांदा भिजला. "तुजा काय चुकला नाय, पोरी. तुजा काय म्हनजे काय चुकला नाय."

मिताली हबकली. एका वाक्यानं ही बाई एवढी मोडून गेली? तिला स्वतःची आई नव्हती. तीन आठवड्यांवर बाळंतपण आलेलं, आणि ते याच हातांच्या भरवशावर निभवायचं होतं. ही मनानं दुरावली तर आपल्याला दुसरं कोण आहे? या विचारानं तिला खरोखरच भीती वाटली.

दुपारी कमळी "खाली जाऊन येतू" म्हणत उतरली. शरीफाला तिनं दाराशी काहीतरी सांगितलं, पण शरीफाही जरा वेळानं नमाजाला म्हणून आपल्या घरी गेली. मितालीनं तेवढ्यात ठरवलं. तह करायचा तर तो कमळीच्या पद्धतीनंच.

तिनं गॅलरीच्या काचा पार उघडल्या. पिशवीतले कोळसे आपटून पाहिले, खणखणीत निवडले. जाळीवर ठेवून ते गॅसवर लाल केले आणि चिमट्यानं एकेक शेगडीत रचले. मग पंख्यानं वारा घालत बसली. धूर पुरता जाऊ द्यायचा, निखाऱ्यावर पांढरी राख चढली की मगच बोंबील ठेवायचे, हे तिनं दोन वर्षं पाहिलं होतं. कंबर भरून आली तरी ती उठली नाही. बोंबील तांबूस झाले, कडा कुरकुरीत झाल्या. घरभर वास सुटला आणि सकाळपासून पहिल्यांदा तिला बरं वाटलं. निकेश आला की आधी हेच मागेल, हेही तिच्या मनात आलं.

बेल वाजली. दारात नावड्याची आत्या उभी होती, गोवर्धनची थोरली बहीण. रिक्षा करून एकटीच आलेली, वर येईपर्यंत कुणाला भेटली नसावी.

"आत्या, अगदी वेळेवर आलात," मिताली हसून म्हणाली आणि ताटली पुढे केली. "बघा बरं, आईंसारखे झालेत का? सकाळपासून रुसून बसल्यात माझ्यावर."

लिफ्टचं दार उघडलं. कमळी धावत बाहेर आली आणि नणंदेकडे बघून नको, नको असे हात करू लागली. पण आत्याची तिकडे पाठ होती. ती उंबऱ्याबाहेरूनच गॅलरीतल्या लाल शेगडीकडे पाहत होती.

"पोरी," आत्या हळूच म्हणाली, "निकेशची मयत अजून दारात आली नाय, नी तू घरान विस्तव पेटवलास?"