पाटीवरचं नाव

“दोन शाली कशाला?” मिरियमनं विचारलं.

“एक रूथची. ती आईच्या वतीनं तू घ्यायचीस,” एझरा काका म्हणाले. “दुसरी लताबाईची.”

मिरियमनं घडी उलगडून पाहिली. दोन्ही शाली सारख्याच होत्या. रंगसुद्धा एकच.

आईला जाऊन पाच महिने झाले होते. सिनेगॉगच्या समितीनं जुन्या सेवेकऱ्यांचा सत्कार ठरवला, तेव्हा मिरियम रजा टाकून पुण्याहून आली. दाराशेजारी संगमरवरी पाटी लागणार होती. दुपारी कारागीर नावं विचारायला येणार होता. नाशिकमध्ये ज्यूंची घरं ती किती! आईच्या नावाखाली आणखी कुणाचं नाव येईल हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

“लताबाई दिवे लावते, काका. बस्स.”

“तीस वर्षं लावतेय.”

“शनिवारी शब्बाथ, आपण बटणाला हात लावायचा नाही म्हणून. तिला चालतं, म्हणून ती लावते. त्यात एवढं काय?”

“मखमलाबादहून अंधारात निघते बाई. कधी एक पैसा घेतला नाही.”

“तिला इथे आणली कुणी? आईनंच ना?”

“रूथनंच,” काका म्हणाले आणि शालीची घडी परत घालू लागले.

आतून लताबाई चहा घेऊन आली. पदराला पोह्यांचा कोंडा लागलेला होता. संध्याकाळच्या मलिद्याच्या प्रसादाचे पोहे ती सकाळपासून निवडत होती.

“मिरू, लय वाळली गं. पुण्यात जेवायला देत नाय का कोणी?”

“मिरियम म्हणा.”

“बरं बाई, मिरियम. चहा घे, गार व्हईल.”

लताबाई हसत आत गेली. तिला मिरू फक्त आई म्हणायची.

लहानपणी शनिवारची प्रार्थना संपली की मिरियम आईला शोधत मागच्या स्वयंपाकघरात जायची. तिथे त्या दोघी जमिनीवर बसून एकाच ताटात जेवत असायच्या. हसून हसून आईच्या डोळ्यांत पाणी आलेलं असायचं. मिरियम दारात दिसली की हसणं थांबायचं. घरी आई कधी तशी हसली नाही. वडिलांजवळ नाही, मिरियमजवळ तर नाहीच.

हॉस्पिटलमध्येही तेच झालं. शेवटच्या आठवड्यात आई ग्लानीत काहीतरी पुटपुटायची. मिरियम तोंडाशी कान नेऊन ऐकायची, पण एक शब्द कळायचा नाही. आईच्या माहेरची माणसं कधीच इस्रायलला गेली, पुढे पत्ता उरला नाही, असं आई सांगायची. त्यांनाच हाका मारत असेल, असं मिरियम धरून चालली. लताबाई, कुठल्या तरी देवळ्याकडच्या कांद्याच्या शेतातून आलेली, नुसतं “हा, हा” करायची आणि तेवढ्यानं आई शांत व्हायची. आईचा हात लताबाईच्या हातात. मिरियमला बसायला पायथा उरायचा.

“पाटी आपल्या माणसांची आहे, काका,” ती म्हणाली.

“रूथला शेवटची आंघोळ घालताना आपल्या बायका तिघीच होत्या. पाणी लताबाईनं दिलं. तिला आत येता येत नव्हतं, तर दाराबाहेर बादल्या भरत बसली. एकटीच.”

“बाहेरच बसली ना? मग नावही बाहेरच राहू दे.”

काकांनी कप खाली ठेवला. “एवढं ताणू नकोस, पोरी.”

“तुम्ही समितीचे अध्यक्ष आहात. नियम करा.”

“कसला नियम? माणूस मनानं आपलं असतं.”

“मन कोण तपासणार? आज ही, उद्या गेटवरचा वॉचमन. जन्मानं ज्यू असेल त्याचंच नाव. बाकी कुणाचं नाही.”

“जन्मानंच?”

“जन्मानंच.”

“विचार करून बोलतेस?”

“पाच महिने दुसरा विचार केलेला नाही.”

लताबाई दारात उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. हातातलं सूप तिनं भिंतीला टेकवून ठेवलं.

“अध्यक्षसाहेब, माझं नाव काढा. मला काय करायचं दगडावर? ताईचं तेवढं राहू द्या.”

मिरियमचा चेहरा तापला. इथेही हीच मोठी ठरणार होती. सगळ्यांसमोर नाव सोडून देणार, आणि आईच्या पाटीकडे पाहून लोक हिचीच आठवण काढणार.

“उपकार नकोत,” ती म्हणाली. “नाव नियमानं निघेल. आज संध्याकाळच्या सभेत वाचून दाखवा, काका. तुम्हाला जमत नसेल तर मी वाचते.”

“नको गं माय,” लताबाई पुढे आली. “नियम नको करू. नुसतं काढ. हात जोडते.”

“का? झोंबलं?”

लताबाईनं काकांकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही, नाही. काकांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसत राहिले.

“जन्माचाच नियम लावायचा,” ते शेवटी म्हणाले, “तर दोघी बहिणींची नावं काढावी लागतील, मिरियम.”