मित्रदेशाची बाई

व्हिएन्नातल्या आश्रय-कचेरीत पिरोश्कानं हंगेरीचं ओळखपत्र दाखवताच तिला रांगेतून पुढे बोलावलं. “आम्ही इथं उभे राहून म्हातारे झालो, आणि मावशींना पायघड्या!” मागचा अफगाण हसला. खिडकीतल्या बाईंनी अर्ज न वाचताच परत सरकवला. “हंगेरी आमचा मित्रदेश. युरोपीय संघातले सगळे देश सुरक्षित, असं करारातच लिहिलंय. एकमेकांकडे आश्रय मागायचा नसतो.” “मग तो करार आमच्या रोमा जिप्सींच्या वस्तीत झोपायला पाठवा!” पिरोश्का कडाडली. “शेजाऱ्यानं दारात पेट्रोल ओतून घर पेटवलं. फौजदार त्याचा मेहुणा.” “चिडू नका हो. आश्रय हवाय कशाला? सीमा खुली आहे. ह्याच ओळखपत्रावर काम शोधा, राहा. तुम्हाला कोण अडवतंय?” “त्यालाही कोणी अडवलं नाही, बाई. परवा तो इथल्याच स्टेशनवर भेटला. टोपी उचलून म्हणाला, ‘काय हो शेजारीणबाई, नवं घर कुठं घेतलंत?’”