भटारखान्यातली टोपणनावं

त्या भटारखान्यात खऱ्या नावानं कुणी कुणाला हाकच मारत नसे. ज्याच्या बोटाचं टोक किसणीवर गेलं तो ‘किसणी’, जिच्या पायावर उकळतं दूध सांडलं ती ‘उकळी’. अ‍ॅप्रनवरही तीच नावं दोऱ्यानं काढलेली. सगळे हसत हसत सांगत होते, पण आजच कामाला लागलेली नवी स्वयंपाकीण दोन पावलं मागे सरली.

“घाबरतेस काय गं! महिन्याभरात तुझंही बारसं करू की,” म्हणत मुख्य स्वयंपाकीण मावशींनी खुंटीवर उरलेला एकुलता एक अ‍ॅप्रन तिच्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं, ‘भट्टी’.

“मग या ‘भट्टी’बाई आता कुठे असतात?” तिनं विचारलं.

सगळ्यांचं हसू एकदम विझलं.



मावशी खाली बघत म्हणाल्या, “तुझ्याच जागेवर होती.”