बूड नसलेलं ओगराळं

"ओगराळं दे," धुक्यातून आवाज आला आणि नावेच्या काठावर एक ओला, पांढराफटक हात टेकला.

गेन्झोचं वल्हं थांबलं. बुडून मेलेले कोळी समुद्रातून असं ओगराळं मागतात आणि त्यानेच पाणी भरून नाव बुडवतात, हे जपानच्या त्या किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक नावेत बूड काढलेलं एक ओगराळं असायचंच. पण या हाताची करंगळी वाकडी होती. गेल्या वर्षी वादळात गेन्झोच्या मुठीतून निसटला तो हाच हात, त्याच्या थोरल्या भावाचा.

"बघत काय बसलात, दाजी? द्या लवकर!" मागून मेहुणा ओरडला.

गेन्झोने ते बिनबुडाचं ओगराळं पुढे केलं. हात समुद्रात जायचा, पाणी उचलून नावेवर आणायचा, आणि पाणी वाटेतच गळून जायचं. पुन्हा खाली, पुन्हा वर. मेहुणा जीव खाऊन वल्हवत होता, तरी तो हात काही मागे पडेना. शेवटी गेन्झोला ते बघवेना.

"दादा, पुरे कर," तो म्हणाला. "त्याला बूड नाही. मी फसवलं तुला."

"ठाऊक आहे मला. ते बूड मीच काढलं होतं."

"मग पाणी कशाला भरतोस?"

"हे चाललंय तोवर तुझ्याजवळ थांबता येतं रे."

गेन्झोने मेहुण्याला वल्हं खाली ठेवायला सांगितलं. धुकं विरेपर्यंत नाव तिथून हलली नाही.