कान लावून निवडलेला फ्रीज

"आई, तुला डोंगर दाखवतो," असं म्हणत मुलाने आत झोपायची सोय असलेली कॅम्पर गाडी आणली. गाडीतला फ्रीज मात्र मी निवडणार, हे घरात ठरलेलंच होतं. रंग बघून भुलणाऱ्यांतली मी नाही. मी झाकणाला कान लावते. मशीन घरघरलं की त्या फ्रीजला रामराम.

दुकानदाराने पेटीसारखा एक जाडजूड फ्रीज पुढे ओढून चालू केला. "आजी, खड्ड्यांत आपटला तरी गारच राहील."

"पण हा ठेवला तर माझं झोपायचं फळकूट कुठे बसवणार?" मी मुलाला विचारलं.

"बघू गं," तो म्हणाला. सून मोबाइलमध्ये डोकं घालून उभी होती.

मी वाकून कान लावला. आत माझा मुलगा बोलत होता. "हाच घेऊ. तिला कुठे न्यायचंय आपल्याला?"

सून हसली, तीही आतच.

मी मान वर केली. दोघं समोरच होते, ओठ मिटलेले. झाकण उघडलं, तर आत नुसता गारवा.

"काय रे, रेडिओ बसवलायस का यात?" मी दुकानदाराला विचारलं. "कसला रेडिओ, आजी?" तो म्हणाला.

झाकण लावून मी पुन्हा कान टेकवला. आता आत तिसरंच कुणी बोलत होतं. आवाज माझा, पण इतकं गोड मी जन्मात बोललेली नाही. "जा रे पोरांनो. मी राहते घरी."

मी तोंडही उघडलं नव्हतं. मुलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"किती समजूतदार आहेस गं आई," तो म्हणाला आणि दुकानदाराकडे वळला. "हाच द्या बांधून."