शेवटच्या कडव्याआधी

नाताळाआधी गावकरी योसेफ आणि मरियेसारखे दारोदार आसरा मागतात. गिटारवाल्या बेलिसारियोच्या मागून त्यांनी गाऊन विनवायचं, घरच्यांनी गाऊन हाकलायचं, शेवटच्या कडव्याला दार उघडायचं. यंदा मान एउलालियाचा. कडीवर हात ठेवूनच ती उभी होती. थाप पडली. “उघडा, देवासाठी!” “गाणं विसरला मेला बेलिसारियो!” एउलालियानं हसत सूर धरला, “घर भरलंय आमचं, चालते व्हा!” पुन्हा थाप, पण हळू. “आई, आवाज परक्याचा वाटतोय. उघडा ना,” सून कुजबुजली. “गप गं! शेवटच्या कडव्याआधी उघडायचं नसतं.” थापा थांबल्या. मग गल्लीच्या तोंडाशी बेलिसारियोची गिटार वाजली. एउलालियानं झटक्यात कडी काढली. उंबऱ्यावर रक्ताच्या थारोळ्यात परका माणूस पडला होता. मूठ वळलेलीच, श्वास संपलेला. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि कानाशी वाकून शेवटचं कडवं म्हटलं, “या, पाहुणे, घर तुमचंच.”